पुलाला टाळकं आपटणारे ट्रक आणि आपला लाडका आरोपी

"तुमच्याकडे काय बुवा, गाड्या घड्याळ लावून धावत असतील!"

मामांचं हे दर रविवारचं वाक्य. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी मार्च नावाच्या स्टेशनात सव्वा तास ताटकळत होतो. (हो, गावाचंच नाव मार्च. इंग्लंडात केंब्रिजशायरमधे आहे.) पीटरबरोहून इलीकडे निघालेली गाडी हलायला तयार नाही, कारण काय, तर पुढे एका वाहनाने रेल्वेच्या पुलाला खालून धडक दिलेली. मामांना वाटलं मी थापा मारतोय.

थापा नाहीत. ब्रिटनमधे रूळ आणि पूल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलच्या हिशेबात अशा धडका वर्षाला दीड हजारांच्या पुढे जातात. म्हणजे दर पाच-सहा तासांनी कुठेतरी एक गाडी कुठल्यातरी पुलावर टाळकं आपटून घेते. यात मुख्यतः उंच लॉऱ्या आणि व्हॅन, अधूनमधून दुमजली बससुद्धा!

मामांचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. "ट्रक आपटला तर ट्रकचं छप्पर जाईल. वरच्या आगगाडीला काय होतंय?" होतं असं की इथले बरेच पूल जुने, लोखंडी तुळयांचे. चाळीस टनांची लॉरी आडवी बसली की तुळई बाजूला सरकू शकते, आणि तिच्यासोबत रूळही. अशा रुळांवरून भरधाव गाडी गेली तर ती घसरू शकते. म्हणून धडकेची खबर आली की आधी गाड्या थांबवायच्या, मग जाणकार माणूस पाठवून पूल तपासायचा. बहुतेक वेळा पुलाला ओरखडासुद्धा नसतो, पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? या थांबवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार पुढची आहे. डब्यात समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, "ड्रायव्हर गाढव असतात, पाटी वाचत नाहीत." डब्यातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नेटवर्क रेलचंही थोडंफार तेच म्हणणं. 2018 पासून त्यांची मोहीम चालू आहे, की बाबांनो, आपल्या गाडीची उंची माहीत करून घ्या. त्यांच्याच पाहणीत 43 टक्के लॉरीचालकांनी कबूल केलं होतं की आम्ही निघताना उंची मोजत नाही.

झालं, सापडला आरोपी! फाईल बंद!

आता याच लाइनवरचा स्टोनिआचा पूल बघा. खाली जेमतेम दोन मीटर जागा. 2022-23 या एका वर्षात याच पुलाला 33 वेळा धडक बसली. एक माणूस एका जागी चुकला तर माणूस चुकला, हे मला मान्य. पण वर्षात 33 वेळा कोणी ना कोणी त्याच जागी चुकत असेल, तर तिथे जागाच चुकलेली आहे. प्रयोगशाळेत एखादं यंत्र वर्षात 33 वेळा त्याच ठिकाणी मोडलं आणि मी अहवालात "ऑपरेटर गाढव" असं लिहिलं, तर माझी नोकरी जाईल. आणि जायलाच हवी.

मग चुकलं काय? पहिली गोष्ट कायदा. युरोपियन युनियनमधे देशोदेशी फिरणाऱ्या ट्रकच्या उंचीला 4 मीटरची मर्यादा आहे. भारतातही मोटार वाहन नियमांत उंचीला आकडा आहे. ब्रिटनमधे मालट्रकच्या उंचीला सर्वसाधारण कायदेशीर मर्यादाच नाही! इथले दुमजली ट्रेलर 4.9 मीटरपर्यंत जातात. ड्रायव्हरवर सोपवलंय ते इतकंच, की गाडी 3 मीटरपेक्षा उंच असेल तर केबिनमधे उंचीची पाटी लावा. त्यात ट्रेलर दिवसभरात बदलत राहतात, माल दुसऱ्यानेच भरलेला असतो, पोचायची वेळ तिसऱ्याने ठरवलेली असते. आणि नेव्हिगेशन मोटारीसाठी केलेलं असलं तर पुलाची उंची त्याच्या गावीही नसते. चूक करायची सगळी सोय आपण करून द्यायची आणि वर म्हणायचं, सावध राहा.

दुसरी गोष्ट लोखंडाची. आपल्याकडे विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर जी लोखंडी कमान असते ना, हाइट गेज, ती आठवा. उंच ट्रक आधी तिला अडतो, पंचवीस हजार व्होल्टच्या तारेपर्यंत पोचत नाही. ब्रिटनमधेही काही पुलांपुढे धडक झेलणाऱ्या तुळया आहेत, पण मार खाणाऱ्या प्रत्येक पुलापुढे नाहीत.

कोणी म्हणेल, तुळई लावून ट्रक थांबतात थोडेच? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावचा 11 फूट 8 इंचाचा पूल या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. तिथे सेन्सर आहे, सिग्नल आहे, 2019 मधे पूल 8 इंच वरही उचलला, तरी ट्रक आपटतातच. बरोबर. पण तिथे ते पुढच्या पोलादी तुळईवर आपटतात. ट्रक फाटतो, पूल वाचतो. माणूस चुकणार हे धरून चाललेली रचना ती हीच.

तिसरी गोष्ट पैशाची. 2011 साली इथल्या कोर्ट ऑफ अपीलने निकाल दिला, की रेल्वेच्या मालमत्तेला वाहनाने धडक दिली तर दुरुस्तीखर्चाबरोबर, गाड्या खोळंबल्याबद्दल नेटवर्क रेलला रेल्वे कंपन्यांना द्यावी लागणारी भरपाईही त्या वाहनवाल्यांकडून वसूल करता येते. उत्तम. पण ते पैसे बहुधा विमा कंपनी भरते, आणि नोकरी जाते ड्रायव्हरची. ज्याने मार्ग आखला आणि वेळ ठरवली, तो ऑफिसात चहा पीत असतो.

मामांना हे सगळं ऐकवलं तर म्हणाले, "म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच!" अगदी. आपल्या पेपरात अपघाताची बातमी "चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने" या शब्दांवर संपते. त्याच वळणावर मागच्या महिन्यातही कोणाचा तरी ताबा सुटला होता, हे कोणी विचारत नाही. ताबा सुटला हे अपघाताचं वर्णन झालं. कारण शोधायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि नेमकं तिथेच आपण उठून जातो. साहेबही उठून जातो, फक्त जाताना एक छानसं पोस्टर लावून जातो.

असो. गाडी शेवटी सुटली. उशिराची भरपाई मागायचा फॉर्म मी भरला. त्यात विलंबाचं कारण लिहायला जागा नव्हती.