निविदेतला 'बिलो' आणि आपला कापूस

पाझर तलावाची निविदा पंचवीस टक्के 'बिलो' गेली की गावात दोन मते ऐकू येतात. सरकारचे पैसे वाचले, असे एक. अंदाजपत्रकच फुगवलेले होते, असे दुसरे. कंत्राटदार हा आकडा काढतो कसा, हे मात्र कोणी विचारत नाही.

मुरूम किती घनमीटर, पोकलेनचे तास किती, टिपरच्या खेपा किती, डिझेल किती, इथून तो सुरुवात करतो. मग यंत्राचा घसारा. बिल सहा महिने अडकणार, म्हणून तेवढ्या मुदतीचे व्याज. कामावर उभा राहणारा पुतण्या घरचाच, तरी त्याचा पगार धरलेला. त्यावर वरकड खर्च आणि नफा. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दर-विश्लेषणात तर या शेवटच्या दोहोंचे 15 टक्के आधीच धरलेले असतात.

चुरस वाढली की तो नफा सोडतो. यंत्रे रिकामी उभी असतील तर घसाराही सोडतो. डिझेल-मजुरीच्या खाली मात्र सहसा जात नाही, आणि गेलाच तर वसुलीची वाट आधी शोधलेली असते. बाबवार दराच्या बी-2 निविदेत कठीण खडक कागदावर कमी दाखवलाय पण प्रत्यक्षात जास्त लागणार, हे त्याने जागेवर जाऊन पाहिलेले असते. खडकाचा दर तो चढा लावतो, मातीचा पाडतो. बेरीज सर्वांत कमी, बिल मात्र मोठे. टक्केवारीच्या बी-1 निविदेत ही सोय नाही. तिथे कसर निघते ती भरावाच्या दबाईत आणि पिचिंगच्या दगडात. (निविदा आधीच 'मॅनेज' झाली असेल तर हा सगळा हिशेबच नको. 2002 च्या स्पर्धा कायद्याने अशा संगनमताला मनाई आहे, एवढे ठाऊक असू द्या.)

आम्ही कृषी महाविद्यालयात उत्पादन खर्च शिकलो, आणि घरी आल्यावर आईची कापूस वेचणी खर्चात मांडायची विसरलो. कंत्राटदार नफा सोडतो तो एखाद्या कामापुरता. आपण घरची मजुरी दर हंगामाला सोडतो. सरकारने 2018 मध्ये दीडपट हमीभाव जाहीर केला, तो रोख खर्च अधिक घरची मजुरी यांच्यावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज ज्यात येते तो सी-2 खर्च त्यात धरलेला नाही. लांब मुदतीच्या कंत्राटात भाववाढीचे कलम असते. पेरणीनंतर खत महागले तर आपण कोणते कलम दाखवायचे?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना दोन कागद आणा. गावातल्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत, ही माहितीच्या अधिकारात मिळते. आणि कपाशी-ज्वारीचा एकरी खर्च, घरच्या प्रत्येक माणसाचे दिवस मोजून.