नवरीचा चेहरा हा आपल्या स्टुडिओचा बोर्ड नाही

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या चिखली-मोशीतल्या फोटोग्राफर मंडळींना जेवायला वेळ नसतो. आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, कधी कधी तर नवरी सासरी नीट टेकायच्या आत, तिची रील स्टुडिओच्या इन्स्टावर झळकते. खाली ‘बुकिंगसाठी संपर्क’. मला एवढंच विचारायचंय, तिला कुणी विचारलं होतं का?

मी ह्याच धंद्यातला आहे, चिखलीतच दुकान आहे. त्यामुळे इन्स्टा-फेसबुक बंद करा असं सांगायला आलेलो नाही. पूर्णानगरातलं असो की घरकुलातलं, गिऱ्हाईक आधी मोबाईलवर काम बघतं, मग फोन करतं. पूर्वी आपण दुकानाच्या काचेत फ्रेम लावायचो. ती रस्त्याने जाणारे बघायचे, आणि घरच्यांनी नको म्हटलं की पाच मिनिटांत उतरायची. रीलचं तसं नाही. ती डाउनलोड होते, कापली जाते, कुठल्यातरी खोट्या खात्याचा डीपी होऊन फिरते. ती उतरवणार कोण?

ओळखीच्या एका घरात मुलीचा साखरपुडा मोडला. त्या दोघांची रील स्टुडिओने पेजवर सगळ्यात वर पिन केलेली, शिवाय पैसे भरून जाहिरात म्हणून चालवलेली. वडील चाकणला कंपनीत. शिफ्ट सुटली की स्टुडिओच्या पायऱ्या चढायचे. उत्तर काय, तर ‘काका, चांगली चाललीय, काढली तर पेजचा रीच पडेल.’ स्थळ बघायला येणारे आधी मुलीचं नाव मोबाईलवर शोधतात, हे त्या पोराला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मुलीच्या मामाने आवाज चढवला तेव्हा कुठे रील गेली.

आणि हेच लोक भाऊंच्या वाढदिवसाचे फोटो टाकताना आधी व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ‘भाऊ, हा चालेल का? डोळे जरा मिटलेत.’ तिथे काम बऱ्याचदा फुकट असतं, तरी विचारतात. नवरीचा बाप रोख पैसे मोजतो, त्याला विचारायचं सुचत नाही. म्हणजे विचारायची रीत माहीत आहे, फक्त कुणाला विचारायचं ते समोरच्याचं वजन बघून ठरतं.

‘क्लिक मी केलं, फोटो माझा’ असं म्हणणाऱ्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ एकदा वाचावं. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, आपण नाही. फोटो काढणारा म्हणून आपलं नाव लागावं हा हक्क कलम ५७ देतं, आणि त्यासाठी मीही भांडेन. वॉटरमार्क कापून फोटो फिरवणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण नाव लावायचा हक्क म्हणजे तिच्या चेहऱ्यावर बुकिंग घ्यायचा हक्क नाही.

आता काही हुशार मंडळींनी ऑर्डर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापून घेतलंय की सगळे हक्क स्टुडिओचे. लग्नघरातल्या धावपळीत, अॅडव्हान्स देताना बाप कुठे उभा राहतो सही करायला? चष्मा तरी असतो का खिशात? ह्याला संमती म्हणायचं असेल तर म्हणा.

बारशाचं आणि पहिल्या वाढदिवसाचं तर विचारूच नका. बाळाचं नाव, जन्मतारीख, मागे सोसायटीची पाटी, सगळं एका रीलमध्ये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला आईबापांची संमती सांगितलीय. पण कायदा बाजूला ठेवा, आपल्या घरच्या लेकराचा असा फोटो अनोळखी माणसाने टाकला तर चालेल का?

‘मग धंदा कसा करायचा?’ असं म्हणाल. मी करतोय की. अॅडव्हान्स घेतानाच फॉर्मच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, वेगळा रकाना ठेवलाय: फोटो पेजवर टाकू का, हो की नाही. त्याखाली नवरीची सही वेगळी, कारण ऑर्डर देणारा बाप किंवा भाऊ असला तरी चेहरा तिचा आहे. हो म्हणाली तर बिलात थोडी सूट, कारण ती आपली जाहिरात करतेय. नाही म्हणाली तर मेंदीचे हात, मंडप, हळदीची परात, पाठमोरी करवली, एवढ्यावरही काम दिसतं. आणि जमलं तर पोस्ट तिलाच टाकू द्या, तुम्ही कोलॅबमध्ये या. उद्या तिला नको झाली तर ती तिच्याकडून डिलीट करेल, तुमच्या पेजवरूनही जाईल. तुमच्या पायऱ्या चढायला नकोत.

ह्या सीझनला ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी अॅडव्हान्स देण्याआधी फॉर्म उलटा करून मागची बाजू वाचा, नको ती ओळ पेनाने खोडा आणि शेजारी फोटोग्राफरची सही घ्या. तो कुरकुरला तर दुसरा बघा, चिखलीत कॅमेरेवाल्यांची काही कमी नाही. आणि धंद्यातल्या मित्रांनो, माझ्या फॉर्मचा नमुना दुकानात ठेवलाय, फुकट न्या. माझं नाव खोडून तुमचं टाकलंत तरी चालेल.