विरामचिन्हांची उधळण नको



मोबाइलवरच्या लेखनाला विरामचिन्हांचे नियम कशाला, असे विचारणारे गेल्या अंकातले पत्र वाचले. मोडीत विरामचिन्हे नव्हती, तरी पेशव्यांचा कारभार चालला, हा त्यातला मुद्दा खरा आहे. पण मोडी पत्रांचे मायने ठरलेले असत आणि वाचणारा कारकून मुरलेला असे. छापील मजकूर अनोळखी वाचकांपर्यंत जाऊ लागला, तेव्हा ही चिन्हे गरजेची झाली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेशही असाच अनेकांपुढे जातो. ‘उद्या पाणी नाही. आलं तर कळवा’ आणि ‘उद्या पाणी नाही आलं, तर कळवा’ यांत शब्द तेच, निरोप वेगळे.

दुसरा आक्षेप असा, की चेहरा दिसत नसल्याने भावना चिन्हांनीच दाखवाव्या लागतात. मान्य, पण त्यासाठी एक उद्गारचिन्ह पुरते. ‘शुभ सकाळ!!!!’ आणि ‘मधुबन धरणातून पाणी सोडणार, दमणगंगेकाठी जाऊ नका!!!!’ यांना सारखीच चिन्हे दिली, तर इशाऱ्याचे वजन उरत नाही. ‘पैसे कधी देता???’ यात विचारणा कमी, दरडावणी जास्त. ‘बरं...’ हा होकार की नाराजी, तेही कळत नाही. सिल्वासात मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे शेजारी राहतात. मराठी ज्यांची दुसरी भाषा आहे, त्यांना नेमक्या चिन्हांचा आधार अधिकच लागतो. म्हणून विनंती एवढीच: संदेश पाठवण्यापूर्वी एकदा वाचा, हवे तिथे चिन्ह द्या आणि एकच द्या.

– एक वाचक, सिल्वासा