दागिने कोणाच्या डोळ्यांसाठी?

फिट्झगेराल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचा प्रासाद मेजवान्यांनी झगमगत असतो. हा सारा थाट खाडीपलीकडे राहणाऱ्या एका विवाहित स्त्रीची दृष्टी वळावी, एवढ्याचसाठी मांडलेला असतो. तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा त्याला दुरून दिसतो, हाती लागत नाही. त्याच्या ग्रंथालयातील पुस्तके खरी आहेत, परंतु त्यांची जोडलेली पाने कोणी कापलेलीच नाहीत. वैभव आहे, उपभोग नाही. आहे ते केवळ प्रदर्शन. त्याच्या अंत्यविधीला मात्र त्या असंख्य पाहुण्यांपैकी जवळजवळ कोणीच फिरकत नाही.

या कादंबरीपूर्वी, १९०७ च्या सुमारास, वर्ध्यातील एका धनाढ्य घरात हाच प्रश्न उभा राहिला होता. शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आलेले जमनालाल बजाज तेव्हा सतरा वर्षांचे होते. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालावेत, असा आजोबांचा आग्रह होता. नातवाने नकार दिला. संतापलेल्या आजोबांनी संपत्तीवरून कठोर शब्द ऐकवले. तेव्हा जमनालालांनी त्या संपत्तीवरील आपला हक्क लेखी सोडून दिला व घर सोडले. आजोबांनी पुढे समजूत घालून त्यांना परत आणले. वास्तविक आजोबांना मोह दागिन्यांचा नव्हता. भय होते ते ‘लोक काय म्हणतील’ याचे.

जमनालालांनी व्यापार सोडला नाही, तो वाढवला. परंतु धनाचे स्वामी न राहता त्याचे विश्वस्त होण्याचा प्रयत्न केला. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. १९४२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ते गोसेवेत रमले होते.

जमनालाल वैष्णव कुळातले. परंतु त्यांचे आचरण श्रावकाला परके वाटू नये. आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येने नव्हे, मूर्च्छेने, म्हणजे आसक्तीने, करून दिली आहे. गृहस्थासाठी सांगितलेले परिग्रह-परिमाण व्रतही दुकान बंद करावयास सांगत नाही. मर्यादा आखावयास सांगते. घरातील लग्नाची यादी करताना प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न लिहावा: हा खर्च वधूवरांसाठी आहे, की पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी? जो खर्च दुसऱ्या उत्तराखाली येईल, तेवढी रक्कम वेगळी काढून सत्कार्यास लावता येईल.