मनुस्मृती जाळली, हक्कसोडपत्राचे काय?

संपादक महाशय यांस,


कॅनडातील लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हॅण्डमेड्स टेल’ ही १९८५ सालची कादंबरी वाचताना अंगावर काटा उभा राहतो. तीत अमेरिकेच्या भूमीवर धर्मग्रंथाच्या नावाने एक राज्य स्थापन होते. एके दिवशी स्त्रियांच्या नोकऱ्या जातात आणि त्यांचा पैसा नवऱ्याच्या वा जवळच्या पुरुष नातलगाच्या हाती जातो. त्यांना वाचनाची बंदी होते. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे जाऊन तेथे चित्रे येतात. मानवी इतिहासात कोठेही घडले नाही असे काहीही आपण यात घातलेले नाही, असे या लेखिकेचे सांगणे आहे.

त्याचा पुरावा शोधण्यास आपणांस सातासमुद्रापार जावयास नको. पत्नी, पुत्र व दास यांना धन नाही. त्यांनी मिळविलेले सर्व त्यांच्या धन्याचे, हाच मनूचा दंडक! तो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. पुढे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा त्याग केला, त्याचे एक प्रमुख कारण रखडलेले हिंदू कोड बिल हे होते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीस बापाच्या मिळकतीत वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. हा कायदा बौद्धांसही लागू आहे.

मग आपल्या घरांत काय चालले आहे? आमचे वडपे मुंबई-नाशिक रस्त्यावर आहे. भिवंडीच्या या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आणि जमिनीस सोन्याचा भाव आला. व्यवहार ठरला की भावास बहिणीची आठवण होते! तिला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारा बंधूही यास अपवाद नाही.

कोणी म्हणतील, ‘ती आपखुशीने सोडते.’ सही न केल्यास माहेर तुटेल, ही भीती जिच्या उशाशी आहे, तिची खुशी कसली? कोणी म्हणतील, ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ भावाच्या लग्नात खर्च झाला नाही काय? त्याच्या वाट्यातून तो कोणी वजा केला? साडीचोळी ही माया आहे. वाटा हा हक्क आहे. मायेच्या नावाने हक्क बुडविणे ही मनूचीच रीत होय. कादंबरीतल्या राज्याला त्यासाठी बंदुका लागल्या. आपणांस एक मुद्रांक-कागद पुरतो!

बंधूंनो, धर्मांतर म्हणजे भिंतीवरील तसबिरी बदलणे नव्हे. समता घराच्या उंबरठ्याशी थांबत असेल, तर महाडला आपण केवळ कागद जाळला असे होईल. बहिणीचे नाव सातबारावर लावा. आणि भगिनींनो, वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. ज्या अक्षरांची तुम्हांस शतकानुशतके बंदी होती, ती आज तुमच्या हाती आहेत.

आपला,
एक वाचक, वडपे (ता. भिवंडी)