आधी परवानगी, मग औषध

कोन गावातून कल्याणला जायचे तर उल्हास नदीची खाडी ओलांडावी लागते, आणि दुर्गाडीच्या पुलावर वाहने एकदा खोळंबली की पाऊण तास सहज जातो. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हा पूल आम्ही एका महिन्यात अकरा वेळा ओलांडला. प्रत्येक वेळी आमच्या काखेत तीच एक फाईल होती आणि प्रत्येक वेळी तीत एका कागदाची भर पडलेली होती. आजारी होते आमचे थोरले बंधू. फाईल होती त्यांच्या औषधाच्या परवानगीची. वाचकांची कणव मागण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्हांला भांडायचे आहे, आणि ज्यांच्या घरी विम्याची पॉलिसी कपाटात जपून ठेवलेली आहे अशा प्रत्येक कुटुंबाला या भांडणात ओढायचे आहे.

बंधू भिवंडीच्या एका गोदामात हिशेबनीस आहेत. कामगार विमा योजनेसाठी १ जानेवारी २०१७ पासून ठरलेली २१,००० रुपयांची मर्यादा त्यांच्या पगाराने थोडक्यात ओलांडली होती. त्यामुळे त्या योजनेचे दार बंद झाले आणि मालकाने सर्व नोकरांसाठी घेतलेली खाजगी सामूहिक पॉलिसी तेवढी हाती राहिली. तिच्या हप्त्याचा वाटा दरमहा पगारातून कापला जातो. सहा वर्षांत त्यांनी या पॉलिसीतून एक पैसाही घेतला नव्हता.

आजाराचे नाव मेम्ब्रेनस नेफ्रोपथी. नाव अवघड असले तरी प्रकार समजण्याजोगा आहे. शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच मूत्रपिंडातील गाळणीवर उलटते, गाळणी गळू लागते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, सकाळी डोळे उघडत नाहीत. बहुसंख्य रुग्णांत हा हल्ला गाळणीतील कोणत्या प्रथिनावर होतो, हे संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. तेव्हापासून रक्ताच्या चाचणीनेही त्याचा माग घेता येतो. बंधूंची ती चाचणी झाली, मूत्रपिंडाचा तुकडा काढूनही तपासला गेला. डॉक्टरांनी घाई केली नाही. सहा महिने रक्तदाबाच्या आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर वाट पाहिली. प्रथिने गळणे थांबेना, तेव्हा त्यांनी रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन लिहून दिले : दोन डोस, मध्ये पंधरा दिवसांचे अंतर.

हे औषध मुळात लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी आले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची भारतीय आवृत्ती काढली. मूत्रपिंडाच्या या आजारात ते किती उपयोगी पडते याचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३० रुग्ण होते. निम्म्यांना रिटुक्सिमॅब आणि निम्म्यांना सायक्लोस्पोरिन दिले होते. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ६० टक्के रुग्णांचा आजार पूर्णतः वा अंशतः आटोक्यात होता, दुसऱ्या गटात २० टक्के. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड मार्गदर्शिकेतही या औषधाला स्थान मिळाले. एक जुना उपायही आहे : स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड आलटून पालटून सहा महिने. तो गुणकारी आहे. पण बंधूंना मधुमेह आहे, आणि स्टेरॉइडने साखर कुठवर चढेल याची डॉक्टरांना धास्ती होती. हे सारे त्यांनी पत्रात स्वच्छ लिहून दिले. आम्हांला वाटले, आता काय उरले?

उरले होते ते विम्याचे टेबल. इस्पितळाने पूर्वपरवानगीचा अर्ज पाठवला. चौथ्या दिवशी कंपनीच्या वतीने काम पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थेची पहिली ‘क्वेरी’ आली : कर्करोगाचा तपासणी अहवाल जोडावा. ज्याला कर्करोग नाही त्याने कर्करोगाचा अहवाल कोठून आणावा? डॉक्टरांनी पुन्हा पत्र दिले. दुसरी क्वेरी आली : औषधाच्या माहितीपत्रकात या आजाराचे नाव नाही, तरी खुलासा करावा. नाव नाही हे खरे. पण नवा पुरावा पुढे येतो आणि माहितीपत्रक जुनेच राहते, हे मूत्रपिंडाच्या वैद्यकात नित्याचे आहे. तिसऱ्या पत्रात मात्र मनातले बोलले गेले : सदर उपचारास चोवीस तास दाखल होण्याची आवश्यकता दिसत नाही, सबब विनंती अमान्य.

आमचा खरा राग या तिसऱ्या वाक्यावर आहे.

हे इंजेक्शन शिरेतून हळूहळू, काही तास सोडावे लागते. ताप, थंडी, रक्तदाब घसरणे असे काही घडू शकते म्हणून परिचारिका शेजारी हवी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवेत. ते घरी देता येत नाही. आणि संध्याकाळी रुग्ण घरी जाऊ शकतो म्हणून रात्रभर खाट अडवण्याचे कारणही नाही. वैद्यकाने प्रगती केली, रुग्णाची रात्र वाचवली, आणि तेवढ्यासाठी विम्याने त्याला दाराबाहेर उभे केले! आपल्याकडे मेडिक्लेम सुरू झाली १९८६ साली. त्या काळी खर्च म्हणजे शस्त्रक्रिया आणि खाट हेच समीकरण होते, म्हणून ‘किमान चोवीस तास’ ही अट कोणाला खटकली नाही. पुढे मोतीबिंदू, डायलिसिस अशा दिवसाच्या उपचारांना अपवाद म्हणून जागा मिळाली. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली आणि त्या सरसकट वगळता येणार नाहीत, फार तर त्यांच्या रकमेवर मर्यादा घालता येईल, असे कंपन्यांना बजावले. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी त्या यादीत आहेत, आणि रिटुक्सिमॅब मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे. हीच यादी बंधूंच्या पॉलिसीच्या पुस्तिकेतही छापलेली होती. नकार लिहिणाऱ्याने स्वतःच्या कंपनीची पुस्तिका उघडली नसावी. उघडली असेल, तर गोष्ट अधिकच वाईट.

दुसरा नियम याहून ताजा आहे. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय व्हायला हवा. दावा नाकारायचा तर तो कंपनीच्या आढावा समितीच्या संमतीनेच, आणि पॉलिसीतील नेमके कलम दाखवून. वाचताना मन सुखावते. आमच्या हाती पडलेल्या पत्रात कलमाचा उल्लेख नव्हता, आणि तासाचे म्हणाल तर तास कसा लांबवावा हे क्वेरी धाडणाऱ्यास उत्तम ठाऊक असते. कागद अपुरे आहेत असे एकदा लिहिले की घड्याळ थांबते. रुग्णाच्या शरीरातील घड्याळ तेवढे थांबत नाही.

ते थांबले नाहीच. प्रथिने वाहून गेली की रक्त गोठण्याचा धोका वाढतो, हे या आजारात सर्वश्रुत आहे. डॉक्टरांच्या पहिल्या पत्रातही ते होते. एकोणिसाव्या दिवशी पहाटे बंधूंचा डावा पाय अचानक दुप्पट सुजला. मांडीच्या शिरेत गाठ झाली होती. त्यांना भर पावसात पुलापलीकडे नेले आणि दाखल केले. या वेळी परवानगी किती वेळात यावी? दुपारच्या आत आली. क्वेरी नाही, खुलासा नाही. कारण आता खाट होती! सहा दिवसांचे बिल कंपनीने निमूटपणे भरले, आणि ते औषधाच्या दोन डोसांच्या खर्चाहून मोठे होते. दया तर सोडाच, ज्याला हिशेब म्हणतात तोही येथे दिसत नाही.

यावर आमचे एक स्नेही, जे स्वतः विमा व्यवसायात होते, आम्हांला म्हणाले की इस्पितळे बिले फुगवतात, खोटे रुग्ण दाखवतात, मग तपासणी नको काय? तपासणी हवी. नाडी पाहण्याआधी विम्याचे कार्ड मागणारी इस्पितळे आम्हीही पाहिली आहेत, आणि त्यांच्या लबाडीचा भार शेवटी सर्वांच्या हप्त्यावर पडतो हे आम्हांला मान्य आहे. पण मूत्रपिंडतज्ज्ञाचा निर्णय तपासायचा तर तो मूत्रपिंडतज्ज्ञाने तपासावा, स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या सहीनिशी. आमच्या तिन्ही पत्रांखाली एकाही माणसाचे नाव नव्हते. ज्याने नकार दिला त्याला एक प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. फोनवरील मुलगी दर वेळी वेगळी असे आणि दर वेळी तितकीच दिलगीर असे.

शासनाच्या व्यवस्थेतही हीच तऱ्हा आम्हांला दिसते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की सरकार पुढे येते. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. आपल्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, मूत्रपिंड रोपणालाही वाढीव रक्कम आहे. हे उपकार लहान नव्हेत, आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जखडलेल्या माणसाच्या घरच्यांना ते विचारावे. पण त्या यंत्रापर्यंत पोचू नये म्हणून जे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, त्याचे काय? त्याचे दुकानातील बिल ज्याचे त्याने द्यायचे. भिवंडीत यंत्रमागावर रोजावर राबणाऱ्याला ते परवडत नाही. तो गोळी एक दिवसाआड घेतो आणि कोणाला सांगत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. पहिल्या डोसाचे पैसे कोठून आले? काही वहिनींच्या बांगड्यांतून, काही नातलगांकडून, आणि राहिलेले धर्मग्रामातून. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची दोन माणसे एका संध्याकाळी कोनला आली, चहा घेतला, पाकीट वहिनींच्या हाती दिले आणि त्याविषयी बाहेर एक शब्द बोलली नाहीत. त्यांचे ऋण आम्ही मानतो. तरीही म्हणतो की ते पाकीट आमच्या घरी यायला नको होते. ते ज्याच्याकडे पॉलिसी नाही, शिधापत्रिका नाही, त्या घरचे होते. ज्या जोखमीचे पैसे कंपनीने सहा वर्षे आगाऊ घेतले, ती जोखीम अखेर कोणी उचलली? रविवारी दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या विधवेने. आपण याला सेवा म्हणतो आणि गप्प बसतो. कंपनीला याहून सोयीचे काय असणार? धर्मगुरूंकडे मदतीचा अर्ज घेऊन जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने नकाराचे पत्र लेखी मागावे, त्यातील कलम मागावे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील नको, सामूहिक पॉलिसीचीही तक्रार चालते आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. धर्मग्रामात शिकलेली मुले पुष्कळ आहेत. दोघा-तिघांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर टेबल मांडून असे अर्ज लिहून द्यायचे ठरवले, तर सोसायटीचे पाकीट पोचायचे तेथे पोचेल.

आमची तक्रार कंपनीकडे गेली, महिना गेला, छापील उत्तर आले. आता ती लोकपालाकडे आहे. पहिल्या डोसाने लघवीतील प्रथिने निम्म्यावर आली. रक्तातील गाठीमुळे पुढे ढकललेल्या दुसऱ्या डोसासाठी इस्पितळाने पुन्हा अर्ज केला. या वेळी त्यासोबत पॉलिसी-पुस्तिकेतील ते पान जोडून, बारा उपचारांच्या यादीतील ती एक ओळ आम्ही लाल शाईने अधोरेखित केली, आणि मध्यस्थ संस्थेच्या खिडकीवर पोचेची सही व शिक्का मिळेपर्यंत उभे राहिलो.