आधी संरक्षक निवडा!

अल्टिमेट खो-खोसाठी संघ खेळाडू निवडतात, तेव्हा पहिला मान कुणाला द्यावा? माझे मित्र खांबावर सूर मारणाऱ्या आक्रमकाचे नाव घेतात. २०२२ ची अंतिम लढत ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ अशी जिंकली, ती अखेरच्या क्षणांतील सुरामुळेच, हे खरे. पण तोवर सामना आवाक्यात कुणी ठेवला? हुलकावण्या देत पळणाऱ्या संरक्षकांनीच ना! आपल्या जिल्ह्यातील वेळापूरचा रामजी कश्यप २०२५ च्या विश्वविजेत्या भारतीय संघात खेळला. असे चिवट गडी गावोगावच्या मातीत आहेत. त्यांची ओळख मात्र कुठेच नसते. घरातला मी पहिलाच महाविद्यालयीन. वशिल्याची किंमत जाणतो. म्हणून म्हणतो, निवडणाऱ्यांनी टाळ्या मोजू नयेत, घड्याळ पाहावे. घड्याळ कुणाच्या बापाचे नाव विचारीत नाही!